मान वळत नाही आणि गाडी मागे घ्यायची आहे

पत्र थोडक्यात:

सोलापूरच्या जुन्या पेठेत राहणारे एक वाचक. वय 64, सहकारी बँकेतून निवृत्त. गाडी 2014 सालची, छोटी. मागे ना सेन्सर ना कॅमेरा. गल्ली अरुंद आणि पुढे बंद, त्यामुळे रोज सकाळी गाडी उलटी घेतच मोठ्या रस्त्याला लागावं लागतं. मानेच्या दुखण्यामुळे पूर्ण वळून मागे बघता येत नाही. मध्यंतरी गाडी काढताना पुढच्या डाव्या कोपऱ्याने शेजारच्या दारातलं पाण्याचं पिंप आडवं झालं. नंतर मागच्या डाव्या कोपऱ्याने उभी स्कूटर पाडली. तिचा खर्च भरून दिला, पण बोलणी खावी लागली. पुण्याचा मुलगा म्हणतो, मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड सेट आणि 360 कॅमेरा बसवा, पैसे मी देतो. कार डेकोरवाला म्हणतो, ‘एचडी घ्या की ओ काका.’ जुने ड्रायव्हर मित्र म्हणतात, ज्याला आरशात बघून गाडी मागे घेता येत नाही त्याने चालवूच नये. पत्नी म्हणतात, विकून टाका, रिक्षाने फिरू. सुट्टीत तीन वर्षांची नात येते, तिची धास्ती वेगळीच. ‘कोणता कॅमेरा घेऊ? आणि घेतला तर आता मला जमत नाही असं मी स्वतःच कबूल केल्यासारखं होईल का?’

उत्तर:

काका,

आधी दुसरा प्रश्न घेते. तो सुटल्याशिवाय पहिल्याचं उत्तर तुमच्या गळी उतरणार नाही.

बँकेत चाळिशीनंतर चष्मा लावून सह्या पडताळल्यात ना? तेव्हा ‘साहेबांना आता जमत नाही’ असं कुणी म्हटलं नाही. कॅमेऱ्याचंही तेवढंच समजा. तुमचे मित्र आरशाबद्दल सांगतात ते खोटं नाही. पण त्यांनी ट्रक मागे घेतले तेव्हा खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत पत्र्यावर थाप मारणारा क्लीनर होता, तेवढं सांगायला ते विसरतात.

आणि आरशात दिसतं तरी किती? घरीच करून बघा. तुम्ही स्टिअरिंगवर बसा, गाडी बंद असू दे. काकूंना मागच्या बंपरला टेकवून एक बादली ठेवायला सांगा आणि मग ती थोडी थोडी मागे सरकवायला सांगा. बादली आरशात कधी दिसायला लागते ते पाहा. छोट्या गाडीच्या मागच्या काचेची खालची कड जमिनीपासून तीनेक फुटांवर असते. त्या कडेखालचं, गाडीला लगटून असलेलं काहीही मधल्या आरशात येत नाही, आणि बाजूचे आरसे बाजूचंच दाखवतात. तीन वर्षांच्या मुलीची उंची साधारण तीन फूट. म्हणजे तुमचं वय पंचवीस असतं आणि मान गर्रकन फिरत असती, तरी गाडीला लागून मागे उभी असलेली नात तुम्हाला दिसली नसती. यात वयाचा संबंध कुठे आला?

अमेरिकेत याच कारणासाठी कायदा झाला. 2002 साली कॅमरन गलब्रॅन्सन हा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच वडिलांच्या मागे येणाऱ्या गाडीखाली गेला. वडील लहान मुलांचे डॉक्टर होते. त्या मुलाच्या नावाचा कायदा 2008 मध्ये झाला, आणि मे 2018 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. तुमची गाडी त्याआधीची, म्हणून तिला तेही नाहीत.

आता तुमचे दोन अपघात. पत्रात तुम्ही ते एका दमात सांगितलेत, पण दुखणी दोन आहेत. मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की गाडीची मागची बाजू उजवीकडे वळते आणि तोंड डावीकडे बाहेर पडतं. पिंप तसं उलटलं. तिथे मागे दहा कॅमेरे असते तरी उपयोग नव्हता. त्याला उपाय एकच, गाडीचं तोंड पिंपाच्या पार मागे येईपर्यंत चाकं सरळ ठेवायची आणि मगच वळवायला घ्यायचं. शिवाय पाणी सुटतं त्या दिवशी आपल्या पेठांतून पिंपं, घागरी, पायपा यांनी अख्खी गल्ली भरलेली असते. त्या दिवशी पाणी जाईपर्यंत गाडी काढू नका. सकाळी निघायचंच असेल तर आदल्या रात्री गाडी बाहेर मोठ्या रस्त्याला लावा.

स्कूटरचं मात्र खरोखर न दिसण्याचं प्रकरण होतं. तिथे कॅमेरा कामाला आला असता. डावा आरसा थोडा खाली कलवून मागचं चाक दिसेल असा ठेवला असता तरी बहुधा भागलं असतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट मला पत्रात खटकली, ती म्हणजे गाडी रोज उलटी घेतच मोठ्या रस्त्यावर येणं. मान वळत नसताना वाहत्या रस्त्यात पाठ करून शिरायचं, हे स्कूटरपेक्षा फार मोठं संकट आहे. डावी-उजवीकडून वेगाने येणारी मोटारसायकल मागच्या कॅमेऱ्यात दिसते तेव्हा ती जवळजवळ अंगावर आलेली असते. त्यापेक्षा घरी येताना गाडी उलटी आत घ्या आणि सकाळी तोंडाने बाहेर पडा. याचाही एक तोटा आहे: संध्याकाळी गल्लीत पोरं खेळत असतात. पण ती वेळ तुमच्या हातात असते. पाच मिनिटं थांबता येतं, कुणाला तरी हाक मारता येते. काकू आल्या तर त्यांना गाडीच्या मागे उभं करू नका. तुमच्या उजव्या आरशात दिसतील अशा भिंतीकडेला उभ्या राहू देत. त्या आरशातून दिसेनाशा झाल्या की ब्रेक. कॅमेरा येईपर्यंत, आणि आल्यावरही, हा नियम मोडू नका.

नातीसाठी नियम याहून कडक. ती कुणाच्या तरी कडेवर किंवा हाताशी आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. ‘आत खेळतेय’ हे उत्तर चालणार नाही. आजोबा निघाले की टाटा करायला धावत येतात तीच मुलं चाकाशी सापडतात. बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. कॅमेरा ज्या क्षणी दाखवतो त्या क्षणाचंच दाखवतो, पुढच्या क्षणी बाजूने कोण पळत येईल ते त्याला ठाऊक नसतं.

मुलाबद्दल. 360 ही त्याची काळजी बोलतेय, तिला नाही म्हणू नका, पण बेताला मात्र नाही म्हणा. त्यात चार कॅमेरे असतात. दोन बाजूच्या आरशांची घरं कापून बसवतात, एक पुढच्या जाळीत, एक मागे, आणि चौघांची चित्रं जोडून वरून पाहिल्यासारखं चित्र तयार होतं. जमिनीवर खुणांच्या चटया अंथरून ते नीट जुळवावं लागतं. जुळवणारा हात कच्चा असेल तर जोडांच्या जागी, म्हणजे नेमक्या कोपऱ्यांत, वस्तू तुटक दिसते किंवा गायब होते. तुमचे दोन्ही अपघात कोपऱ्यांचेच. खर्च सहज पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातो, आणि एवढं महाग सामान विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवलं नाही तर चोरीला गेल्यावर किंवा मोडल्यावर भरपाई मिळत नाही. दहा वर्षांहून जुन्या गाडीचे आरसे कापावेत असं मला वाटत नाही.

त्या पैशातला थोडा भाग मानेवर खर्च करा. आर्थोपेडिककडे जाऊन सरळ विचारा की माझी मान किती अंशात वळते आणि गाडी चालवायला तेवढं पुरतं का. मागे घेण्यापुरताच हा प्रश्न नाही. अक्कलकोट रोडला लेन बदलतानाही मान लागते. 55 नंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांचा फॉर्म 1ए लागतो. त्या फॉर्मवर नुसता शिक्का मारून घेण्यापेक्षा तीच तपासणी खरी करून घ्या. डॉक्टरांनी नको म्हटलं तर काकूंची रिक्षा बरी, तिथे मी तुमची बाजू घेणार नाही. हो म्हटलं तर मित्रांचं मनावर घेऊ नका.

आता कॅमेरा. दुकानात ‘कुठल्या कंपनीचा?’ हा प्रश्न शेवटी विचारा. एकाच कारखान्यातून आलेला कॅमेरा चार नावांच्या खोक्यांत मिळतो. आधी ठरवायचा तो स्क्रीन, आणि तुमच्या वयात स्क्रीनचा निर्णय चष्मा करतो. याबद्दल दुकानदार कधी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मधल्या आरशात छोटा स्क्रीन असलेले कॅमेरे स्वस्त आणि दिसायला नेटके असतात. पण आरशाकडे आपण चष्म्याच्या वरच्या भागातून बघतो आणि तो भाग लांबच्या नंबरचा असतो. आरशातलं प्रतिबिंब त्यातून स्वच्छ दिसतं, कारण डोळ्याच्या हिशेबाने ते लांबचंच असतं. आरशाच्या काचेमागचा स्क्रीन मात्र डोळ्यांपासून दीड-दोन फुटांवर असतो, म्हणजे जवळचा. साठीपुढच्या माणसाला तो त्या भागातून धुरकट दिसतो. मग हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघावं लागतं, आणि तुमची मान आधीच दुखरी! तेव्हा आरशाचा स्क्रीन तुमच्यासाठी बाद. टेपच्या जागी बसणारा 7 इंची स्क्रीन घ्या. तोही घेण्यापूर्वी दुकानातल्या एखाद्या गाडीत, रोजचा चष्मा लावून, दुपारी बाराच्या उन्हात बसून बघा. आपल्याकडच्या उन्हात कित्येक स्क्रीनवर स्वतःचं तोंड तेवढं दिसतं.

अँड्रॉइड सेटची दुसरी एक खोड आहे. गाडी सुरू केल्यावर त्याला जागं व्हायला वेळ लागतो. स्वस्तातल्यांना तर चांगलाच. तुम्ही तोवर गिअर टाकून निघालेले असता आणि स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह फिरत असतं. अमेरिकेच्या नियमात रिव्हर्स गिअर पडल्यापासून 2 सेकंदांत चित्र आलं पाहिजे असं आहे, आणि गाडीमागचा 10 फूट रुंद, 20 फूट लांब पट्टा त्यात दिसला पाहिजे. आपल्याला तो कायदा लागू नाही, पण कसोटी म्हणून फुकट मिळते आहे, वापरा. दुकानदाराला सेट पूर्ण बंद करायला लावा, चालू करून लगेच रिव्हर्स टाकायला सांगा आणि मनात आकडे मोजा. गाणी ऐकण्यापलीकडे सेटचं काम नसेल तर अँड्रॉइड नसलेला साधा टचस्क्रीन सेट लवकर जागा होतो आणि स्वस्तही पडतो.

एचडीचं म्हणाल तर, जुन्या पद्धतीचा साधा कॅमेरा आणि एएचडी (अ‍ॅनलॉग एचडी) असे दोन प्रकार बाजारात मिळतात. एएचडीचं चित्र खरंच जास्त स्पष्ट असतं, पण सेटने ते स्वीकारलं पाहिजे. नाहीतर स्क्रीन काळा राहतो किंवा चित्र मोडकं येतं. म्हणून कॅमेरा आणि सेट एकाच काउंटरवर जोडून चालू दाखवायला सांगा, मगच पैसे. खोक्यावरच्या ‘170 डिग्री’ला भुलू नका. कोन जितका रुंद, तितकी मागची वस्तू लहान आणि लांब भासते. 120 ते 140 अंश गल्लीला पुष्कळ झाले. कॅमेऱ्याभोवतीचे ‘नाइट व्हिजन’ दिवे दोन-तीन फुटांपुढे काही उजळत नाहीत. रात्री खरं काम रिव्हर्सचा दिवा करतो. तुमचा लागतो का ते आधी पाहा. जुन्या गाड्यांचा महिनोन्‌महिने बंद असतो आणि मालकाला पत्ता नसतो. पाण्यापासून बचावासाठी आयपी67 किंवा त्यावरचं लिहिलेलं हवं. वायरलेसच्या नादी लागू नका. त्यालाही मागे करंट लागतोच, वाचते ती फक्त चित्राची एक वायर, आणि छोट्या गाडीत ती तशीही लांब नसते.

कॅमेरा हजार-दीड हजारात बरा मिळतो. त्यासोबत चार सेन्सरचा संच जरूर घ्या. कॅमेऱ्याला डोळे लावावे लागतात, सेन्सर कानाला ऐकू येतो, आणि मागे घेताना तुमचे डोळे तीन आरशांत फिरत असायला हवेत. सेन्सरच्याही मर्यादा आहेत: बारीक गज, गटाराची बुटकी कड, बंपरच्या अगदी खाली बसलेलं कुत्रं त्याला कळेलच असं नाही. टेम्पोच्या मागून बाहेर आलेली सळई त्याच्या डोक्यावरून जाते. म्हणून दोन्ही घ्या.

एवढं करून फिटिंग बिघडलं तर सगळं पाण्यात. तीन-चार गोष्टी उभं राहून करून घ्या. नंबरप्लेटच्या चौकटीत बसणारा कॅमेरा नको. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट लागते, तिची कुलपं एकदा उघडली की तुटतात, आणि तिच्यात भोक पाडायचं नसतं. प्लेटच्या वर, दिव्याशेजारी, मधोमध बसवा. डिकीच्या दारातून वायर नेताना मूळ वायरिंग ज्या रबरी नळीतून जाते तिच्यातूनच ओवायला लावा. आळस करून बाहेरून टाकली की झाकण उघडमिट करताना ती चेमटते, आणि मग चित्र कधी येतं कधी जातं. जोड नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेले नकोत. एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत त्या टेपचा डिंक वितळून गळतो. झाळलेले जोड, वर आकसणारी नळी, आणि मध्ये फ्यूज. हे मागितलं की डेकोरवाला तुमच्याकडे जरा आदराने बघतो.

मग तपासणी. मुलाला किंवा दुकानातल्या पोराला गाडीमागे डाव्या बाजूला उभं करा. स्क्रीनवरही तो डाव्या बाजूलाच दिसला पाहिजे, आरशात दिसतो तसा. उलटा दिसत असेल तर घरी नेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांना मागे वायरचे दोन छोटे फास असतात, त्यातला एक तोडला की चित्र पालटतं आणि दुसरा तोडला की रेषा जातात. कोणता कशाचा ते कागदावर बघूनच तोडायला सांगा. स्क्रीनच्या तळाशी स्वतःच्या बंपरची कड बोटभर दिसायला हवी. ती नसेल तर कॅमेरा फार वर बघतोय.

स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा तुमच्या गाडीसाठी आखलेल्या नसतात. घरी आल्यावर बंपरपासून एक, दोन आणि तीन फुटांवर खडूने आडव्या रेघा मारा, प्रत्येकीवर एक वीट ठेवा आणि वीट स्क्रीनवर कुठे येते ते पाहा. लाल रेघ पाऊण फुटावर येते की दोन फुटांवर, हे एकदा डोक्यात बसलं की काम झालं. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात सराव करा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाकडे मात्र कॅमेऱ्यासकटही जाऊ नका.

काळजी फारशी नाही. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, काचेवर चरे पडतात. टॉवेलचा जुना तुकडा ओला करून पुसा. तो आपल्या गावात कुणाच्या घरी नाही? बोअरच्या पाण्याने गाडी धुतली तर कॅमेऱ्याची काच लगेच टिपून घ्या, नाहीतर पांढरे डाग धरतात.

बिलावर कॅमेऱ्याची वॉरंटी आणि फिटिंगची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की चित्र नीट येतंय का ते बघा. कुठला जोड भिजला असेल तर तो तेव्हाच उघडा पडतो, आणि दुकानदाराला तो फुकट करून द्यावा लागतो.